भाड्याचं घर आणि घरातली बंदूक

टेनेसी राज्याच्या ॲटर्नी जनरलनी २००९ साली एक लेखी मत दिलं. भाडेकरारात अट घालून भाडेकरूला घरात बंदूक ठेवायला मनाई करण्याचा घरमालकाला अधिकार आहे, भाडेकरूकडे पिस्तूल बाळगण्याचा सरकारी परवाना असला तरीही, असं ते मत होतं. त्याच टेनेसीतल्या कोलंबिया या गावचा एक खटला २०२२ साली राज्याच्या अपील कोर्टात निकाली निघाला. तिथेही करारात अशीच अट होती. भाडेकरूने ती मोडली होती आणि खालच्या कोर्टात घरमालक जिंकला होता. अपील कोर्टाने निकाल फिरवला आणि ती अटच घटनाबाह्य ठरवली.

वाचताना वाटतं, दोघांपैकी कुणाचं तरी चुकलं असणार. तसं नाही. पहिल्या मतातला घरमालक खासगी होता. दुसऱ्या खटल्यातला घरमालक म्हणजे गरिबांना घरं देणारी सरकारी हाउसिंग संस्था होती. अमेरिकेत घरमालकाला भाडेकरूच्या बंदुकीवर बंदी घालता येते का, हा प्रश्न विचारणारा माणूस बहुधा बंदुकीबद्दलच्या कायद्यांपासून सुरुवात करतो आणि तिथेच रस्ता चुकतो. आधी बघायचं ते घर कुणाचं आहे.

कारण असं की अमेरिकेची राज्यघटना हात बांधते ते सरकारचे. शस्त्र बाळगण्याचा हक्क सांगणारी दुसरी घटनादुरुस्ती १७९१ सालची आहे, पण तिचा आजचा अर्थ अगदी अलीकडचा. २००८ साली सुप्रीम कोर्टाने हेलर खटल्यात सांगितलं की हा हक्क प्रत्येक नागरिकाचा वैयक्तिक आहे आणि स्वसंरक्षणासाठी घरात पिस्तूल ठेवणं हा त्याचा गाभा आहे. तो निकाल राजधानी वॉशिंग्टनपुरता, म्हणजे केंद्र सरकारच्या हद्दीतला होता. २०१० साली शिकागोच्या मॅकडोनाल्ड खटल्यात तोच हक्क राज्यांना आणि शहरांनाही बंधनकारक झाला. २०२२ च्या ब्रूएन निकालाने तो घराबाहेरही नेला. या तिन्ही खटल्यांत समोरचा पक्ष सरकार होतं. आपली दुसरी खोली भाड्याने देणारी आजीबाई किंवा तीनशे फ्लॅटचं संकुल चालवणारी कंपनी या निकालांनी बांधली जात नाही. आपल्याकडे ‘मांसाहारींना जागा नाही’ म्हणणाऱ्या मालकापुढे समतेचं कलम नाचवून थेट घर मिळत नाही, त्यातलाच हा प्रकार.

मग भेदभावविरोधी कायदा? १९६८ चा फेअर हाउसिंग ॲक्ट खासगी घरमालकालाही लागू आहे, पण त्याची यादी ठरलेली आहे: वंश, रंग, धर्म, मूळ देश, लिंग, अपंगत्व आणि घरात लहान मुलं असणं. लिंग त्यात १९७४ साली आलं, शेवटच्या दोन गोष्टी १९८८ साली. बंदूकधारी माणूस या यादीत नाही.

इथे हुशार वकील एक जुना खटला बाहेर काढतो. १९४८ चा शेली विरुद्ध क्रेमर. सेंट लुइसमध्ये एका वस्तीतल्या घरमालकांनी आपापसात करार केला होता की इथली घरं काळ्या लोकांना विकायची नाहीत. करार खासगी, पक्ष खासगी, म्हणजे घटनेचा संबंध नाही असं वाटावं. सुप्रीम कोर्ट म्हणालं, करार करा हवा तर. पण तो अमलात आणायला तुम्ही कोर्टात येता तेव्हा कोर्टाचा हुकूम हा सरकारचाच हात असतो आणि त्या हाताला घटना लागू आहे. आता हेच बंदुकीला लावून बघा. खासगी मालकाने बंदीची अट घातली, भाडेकरूने मोडली, मालक घर खाली करून घ्यायला कोर्टात गेला. कोर्टाचा हुकूम, शेरीफची माणसं, सामान रस्त्यावर. हे सगळं सरकारच करतंय की! युक्तिवाद ऐकायला बिनतोड आहे. अडचण एवढीच, की तो मान्य केला तर प्रत्येक खासगी कराराचा प्रत्येक वाद घटनेचा वाद होऊन बसेल. म्हणून पुढच्या काळात कोर्टांनी शेलीचा निकाल बहुतेक वांशिक भेदभावापुरताच ठेवला. बंदुकीसाठी त्याच्या भरवशावर राहू नये.

सरकारी घरांची कथा मात्र लांब आहे. आज कोलंबियाचा निकाल सरळ वाटतो. पण १९९० साली व्हर्जिनियातल्या रिचमंडमध्ये भाडेकरूंच्या संघटनेने सरकारी घरांतल्या बंदूकबंदीला आव्हान दिलं तेव्हा फेडरल कोर्टाने बंदी योग्य ठरवली होती. तो काळच तसा होता. वस्त्यांत अमली पदार्थांच्या टोळ्या, रोजचे गोळीबार. १९९३ च्या उन्हाळ्यात शिकागोच्या हाउसिंग ऑथॉरिटीने त्यापुढची पायरी गाठली. गोळीबार झाला की इमारतीतली घरं एकामागून एक उघडून बंदुका शोधायच्या, वॉरंट नाही, काही नाही. फेडरल न्यायाधीशांनी १९९४ च्या एप्रिलमध्ये ते थांबवलं. त्यावर क्लिंटन सरकारने सुचवलेला तोडगा मला फार बोलका वाटतो: झडतीला संमती देण्याची अट भाडेकरारातच घाला. जे पोलिसांना करता येत नाही ते भाडेकराराकडून करून घ्यायचं. घरमालक आणि सरकार एकच असलं की हे सुचणं साहजिक आहे, आणि म्हणूनच या घरांच्या बाबतीत कोर्टं पुढे कडक झाली.

हेलरचा निकाल आला त्याच्या दुसऱ्याच दिवशी सॅन फ्रान्सिस्कोच्या हाउसिंग ऑथॉरिटीवर दावा पडला. २००९ च्या सुरुवातीला तडजोड झाली आणि कायदेशीर बंदूक बाळगणाऱ्यांवरची बंदी करारातून गेली. त्यानंतर बऱ्याच ठिकाणी प्रश्न घराच्या आतला राहिलाच नाही. तो दाराबाहेर आला, जिना, कॉरिडॉर, लाँड्री इथे.

यावरचा सगळ्यात मजेदार खटला डेलावेअर राज्यातल्या विल्मिंग्टन शहराचा. तिथल्या हाउसिंग ऑथॉरिटीने आधी सरसकट बंदी ठेवली होती. दावा झाल्यावर आणि मॅकडोनाल्डचा निकाल आल्यावर तिने धोरण बदललं: घरात ठेवा, पण सामाईक जागेत बंदूक दिसता कामा नये. हॉल, लाउंज, वाचनालय, लाँड्री सगळीकडे मनाई. घरातून बाहेर आणि बाहेरून घरात नेता-आणताना तेवढी सूट. शिवाय संशयाला जागा असेल तर भाडेकरूने परवान्याची कागदपत्रं दाखवायची. ऐकायला मध्यममार्ग. फेडरल कोर्टाने २०१२ साली तो मान्यही केला. अपिलात मात्र वरच्या कोर्टाने डेलावेअरच्या सुप्रीम कोर्टाकडे विचारणा केली, कारण त्या राज्याच्या घटनेत १९८७ पासून शस्त्राच्या हक्काचं वेगळं कलम आहे आणि ते फेडरल घटनेपेक्षा स्पष्ट भाषेत कुटुंबाच्या आणि घराच्या रक्षणाचा उल्लेख करतं.

मार्च २०१४ मध्ये उत्तर आलं: दोन्ही अटी चालणार नाहीत. कोर्टाचं म्हणणं असं की इथल्या भाडेकरूसाठी लाँड्री किंवा टीव्हीची खोली म्हणजे सरकारी कचेरी नाही. बंगल्यात राहणाऱ्याला ज्या गोष्टी स्वतःच्या घरात करता येतात त्या याला या सामाईक खोल्यांत कराव्या लागतात. म्हणजे त्या त्याच्या घराचाच भाग झाल्या, आणि गरीब आहे म्हणून त्याचं घर उंबऱ्याशी संपत नाही. कोर्टकचेऱ्या आणि शाळा यांची गोष्ट निराळी. मला स्वतःला लाँड्रीत कपडे घडी करणाऱ्याच्या कमरेला पिस्तूल असण्याची कल्पना काही सुखाची वाटत नाही. पण निकालातला तर्क खोडून काढणं सोपं नाही हेही कबूल करायला हवं. हा निकाल राज्याच्या घटनेवर उभा आहे, त्यामुळे तो डेलावेअरबाहेर कुणाला बांधत नाही.

या सगळ्यात एक फसवी जागा आहे. सरकार भाड्याचा काही भाग भरतं ती व्हाउचरची घरं. पैसा सरकारी, पण मालक खासगी. नुसता सरकारी पैसा घेतला म्हणून मालक सरकार होत नाही, असं कोर्टं सहसा मानतात. त्यामुळे त्याच्या बंदीला घटनेवरून आव्हान देणं अवघड जातं.

खासगी मालकाला खरोखर अडवतं ते राज्याचं कायदेमंडळ. थोड्याच राज्यांनी हे केलं आहे आणि ज्यांनी केलं त्यांनी एकसारखं केलेलं नाही.

मिनेसोटाचा नियम एका वाक्याचा आहे: भाडेकरूला किंवा त्याच्या पाहुण्यांना कायदेशीररीत्या बंदूक बाळगण्यावर घरमालकाने बंधन घालू नये. संपलं. माँटॅनाने घरमालकाबरोबर हॉटेल आणि मोटेलवाल्यांनाही धरलं, पण मालकाला एवढं दिलं की आवारात बंदूक चालवायला मनाई करता येईल, स्वसंरक्षणाचा प्रसंग सोडून. ओहायोचा नियम चिमटीत धरून लिहिल्यासारखा आहे. कलमाच्या भाषेत तो फक्त परवानाधारकाला लागू, फक्त पिस्तुलाला लागू, करार ९ सप्टेंबर २००८ रोजी किंवा नंतर झालेला असला पाहिजे, आणि पाहुण्याला सवलत भाडेकरू स्वतः हजर असेल तेवढ्या वेळच. म्हणजे ओहायोत शिकारीची रायफल ठेवणाऱ्या भाडेकरूला या कलमाचा उपयोग नाही.

टेक्सासने १ सप्टेंबर २०१९ पासून लागू केलेला कायदा सर्वांत तपशीलवार. मालकाला तीन ठिकाणी मनाई करता येत नाही: भाड्याच्या घरात, भाडेकरूंसाठी किंवा पाहुण्यांसाठी दिलेल्या पार्किंगमध्ये उभ्या गाडीत, आणि घरात, आवारात किंवा गाडीत जा-ये करायला लागेल तेवढ्या वाटेवर. बंदूक, तिचे सुटे भाग, काडतुसं, सगळं त्यात आलं. पण वाट म्हणजे वाटच. जलतरण तलाव, जिम, क्लबहाउस, ऑफिस इथे मालक अजूनही पाटी लावू शकतो आणि ती पाटी कशी असावी हेही टेक्सासच्या फौजदारी कायद्यात लिहिलेलं आहे: मजकूर इंग्रजीत आणि स्पॅनिशमध्ये, अक्षरं किमान एक इंच उंच, पार्श्वभूमीवर उठून दिसणाऱ्या रंगात. ती तशी नसेल तर तिच्या जोरावर फौजदारी कारवाई टिकवणं कठीण. टेक्सासमध्ये सर्रास वापरल्या जाणाऱ्या छापील भाडेकरारात तर बंदुकीवर बंदीच नाही. सामाईक जागेत इतरांना धास्ती वाटेल अशा रीतीने बंदूक, चाकू किंवा दुसरं शस्त्र दाखवणं वा बाळगणं हे गैरवर्तन, एवढंच म्हटलेलं आहे. खांद्याला झाकलेली रायफल लावून गाडीकडे जाणारा माणूस त्यात बसत नाही. तीच उघडी रायफल घेऊन तलावाकाठी बसणारा बसतो.

खासगी मालमत्तेचा जिथे सगळ्यात मोठा जयघोष चालतो त्या टेक्सासनेच मालकाचा हा अधिकार काढून घेतला, ही यातली गंमत.

हे डॅलसजवळच्या फ्रिस्को-प्लेनोत किंवा ऑस्टिनजवळच्या राउंड रॉकमध्ये दुसरं घर घेऊन भाड्याने दिलेल्या मराठी माणसाच्या थेट कामाचं आहे. इंटरनेटवरून उतरवलेल्या कोऱ्या करारात ‘आवारात शस्त्रं आणू नयेत’ असं कलम असू शकतं, ते तसंच राहतं, सह्या होतात. टेक्सासमध्ये भाडेकरूच्या कायदेशीर बंदुकीपुढे ते कलम चालत नाही. त्याच्या आधारे घर खाली करून घ्यायला गेलात तर कोर्टात आपलीच पंचाईत. एक बारीक गोष्ट लक्षात घेण्यासारखी: टेक्सास, मिनेसोटा दोन्हीकडे कायद्याची भाषा भाडेकरूबद्दल बोलते, अजून भाडेकरू न झालेल्या अर्जदाराबद्दल नाही. ‘तुमच्याकडे बंदूक आहे का’ असं अर्जातच विचारून नकार देणारा मालक या फटीत बोट घालतो; फट किती रुंद आहे ते वकिलाला विचारल्याशिवाय घालू नये.

जिथे असा कायदा नाही तिथे करार राजा. न्यू जर्सीत एडिसन, आयझलीन भागात भाड्याने राहणारे आपले हजारो लोक या गटात येतात. राज्याचे बंदुकीचे कायदे देशातल्या कडक कायद्यांपैकी आहेत, पण खासगी मालकाने करारात बंदी घालावी की नाही यावर राज्य काही म्हणत नाही. तरीही मालकाच्या मनाला येईल तसं नाही. तिथल्या १९७४ च्या कायद्यानुसार भाडेकरूला काढायला ठरलेल्या कारणांपैकी एक लागतं. नियमभंग हे कारण द्यायचं तर नियम वाजवी असावा, करारात असावा किंवा भाडेकरूने लेखी मान्य केलेला असावा, आणि लेखी ताकीद दिल्यावरही भंग चालू राहिलेला असावा. ताकीद मिळाल्यावर बंदूक कायदेशीर मार्गाने घरातून हलवली की बहुधा मामला तिथेच मिटतो. मालक स्वतः राहत असलेलं आणि दोनपेक्षा जास्त घरं भाड्याने न दिलेलं घर मात्र या संरक्षणाबाहेर आहे. आपल्याकडचे अनेक जण नेमके अशाच घरांच्या वरच्या मजल्यावर राहतात.

कराराच्या मध्येच नवा नियम आला तर? वर्षभराचा करार असेल तर सहसा दोघांच्या संमतीशिवाय मोठी अट बदलता येत नाही. नूतनीकरणाला घालता येते. महिन्या-महिन्याच्या भाड्यात मालक रीतसर नोटीस देऊन बदलू शकतो.

पण मालकाला कळतं कसं? बहुतेक वेळा नळ दुरुस्त करायला आलेल्या मेंटेनन्सच्या माणसामुळे. सिंकखालचं कपाट उघडताना, नाहीतर एसीचा फिल्टर बदलायला कपाटातलं सामान सरकवताना त्याला केस दिसते आणि ऑफिसात बातमी जाते. यापलीकडे शोधाशोध करायचा मालकाला हक्क नाही. आणीबाणी सोडली तर बहुतेक राज्यांत आगाऊ कळवून आणि दुरुस्तीसारख्या कारणासाठीच त्याने आत यायचं. पोलिसांना बोलावून ‘घर माझं, बघा आत’ असंही म्हणता येत नाही. याचा पाया १९६१ च्या चॅपमन खटल्यात आहे. जॉर्जियातल्या एका मालकाला भाड्याने दिलेल्या घरातून दारू गाळल्याचा वास आला. भाडेकरू घरी नव्हता. मालकाच्या सांगण्यावरून पोलीस खिडकीतून आत शिरले तर आत अख्खी भट्टी आणि तेराशे गॅलन कच्चा माल! तरी सुप्रीम कोर्टाने झडती बेकायदा ठरवली. घरमालक भाडेकरूच्या वतीने झडतीला संमती देऊ शकत नाही.

आता आपल्या लोकांसाठी या सगळ्याच्या आधी येणारी गोष्ट. घरमालकाला अडवणाऱ्या वरच्या चारही राज्यांच्या कायद्यांत बंदूक बाळगणं कायदेशीर असण्याची अट आहे आणि ती कोण पूर्ण करतो हे फेडरल कायदाही ठरवतो. त्यानुसार नॉन-इमिग्रंट व्हिसावर दाखल झालेल्या व्यक्तीला बंदूक किंवा काडतूसही जवळ ठेवायला मनाई आहे. एच-वन-बी त्यात आला, जोडीदाराचा एच-फोर आला, विद्यार्थ्याचा एफ-वन आला. भारतीयांच्या ग्रीन कार्डाच्या रांगा वर्षानुवर्षं चालतात. रांगेत उभं असणं म्हणजे कार्ड नव्हे. कार्ड हातात आलं की ही मनाई संपते. त्याआधीचा मुख्य अपवाद म्हणजे अमेरिकेतल्या एखाद्या राज्याचा मुदतीतला शिकारीचा परवाना. दुकानात बंदूक घेताना भरायच्या फॉर्म ४४७३ मध्ये हे सगळं स्पष्ट विचारलेलं असतं आणि तिथे खोटं लिहिणं हा वेगळा गुन्हा. २०२२ पासून बेकायदा बाळगण्याची कमाल शिक्षा दहावरून पंधरा वर्षं झाली आहे. म्हणजे टेक्सासचा घरमालक कितीही उदार असला तरी एच-वन-बीवाल्या भाडेकरूला शिकारीच्या परवान्याशिवाय त्या उदारपणाचा उपयोग नाही.

‘बाळगणं’ याचा अर्थही आपण समजतो त्यापेक्षा सैल आहे. संयुक्त अरब अमिरातीतून विद्यार्थी व्हिसावर आलेल्या रेहाइफ नावाच्या तरुणाला विद्यापीठाने काढून टाकलं होतं, त्यामुळे त्याचा मुक्काम बेकायदा झाला होता. तो फ्लॉरिडातल्या एका शूटिंग रेंजवर गेला आणि तिथे दोन बंदुका चालवल्या. एवढ्यावर खटला झाला आणि शिक्षाही. २०१९ साली सुप्रीम कोर्टाने सांगितलं की आपण मनाई असलेल्या गटात आहोत हे आरोपीला माहीत होतं, हेही सरकारने सिद्ध केलं पाहिजे. म्हणून प्रकरण परत पाठवलं. वीकेंडला ऑफिसातल्या मित्रांबरोबर रेंजवर जाऊन फोटो टाकणाऱ्या आपल्या पोरांना यातलं काही ठाऊक नसतं.

आणि रूममेट? एकाच अपार्टमेंटात एक ग्रीन कार्डवाला आणि एक एच-वन-बीवाला, हे चित्र नेहमीचं. पहिल्याची बंदूक हॉलमधल्या ड्रॉवरमध्ये पडून असेल आणि दुसऱ्याला ती माहीत असून कधीही हातात घेता येत असेल, तर ती त्याच्याही ताब्यात होती असा दावा सरकारी वकील करू शकतो. पहिल्याच्या खोलीत कुलूपबंद पेटीत असेल आणि किल्ली किंवा आकडा दुसऱ्याकडे नसेल तर तो दावा टिकणं अवघड. हे भाडेकरारात कुठेही लिहिलेलं नसतं. पेटी घ्यायची, आणि तिचा आकडा वाय-फायच्या पासवर्डसारखा फ्रिजवर चिकटवायचा नाही.